‘आण’ म्हणण्याआधी : कुत्र्यापुढे काय फेकावं, काय फेकू नये

पावसाळा नुकताच सरला होता. पुण्यातल्या वेताळ टेकडीवर गिरिपुष्पाच्या फांद्या जागोजाग मोडून पडल्या होत्या. त्यातलीच हातभर लांबीची एक उचलली आणि उतारावर भिरकावली. रोजच्यासारखीच. हवेत दोन गिरक्या घेऊन ती खाली आली आणि भुसभुशीत मातीत टोकावर उभी रुतली. वाघ्या सुसाट निघालेला, तोंड उघडं. त्याला थांबता आलं नाही. एकदाच केकाटला आणि तोंड मिटून चालत माझ्याकडे आला. लाळेत रक्ताची रेघ होती, तीही पाच मिनिटांत थांबली. संध्याकाळी नेहमीसारखा जेवला. मला वाटलं, निभावलं.

तीन आठवड्यांनी त्याच्या जबड्याखाली लिंबाएवढी गाठ आली. अँटिबायोटिकने बसली, गोळ्या संपल्यावर पुन्हा आली. एक्स-रेत काहीच नव्हतं. सोनोग्राफीत काहीतरी आहे असा संशय आला, आणि भूल देऊन गाठ उघडल्यावर पुवासोबत आगकाडीएवढी एक ढलपी बाहेर आली. लाकूड एक्स-रेवर सहसा दिसत नाही, हे मला त्या दिवशी कळलं. ती काठी मीच फेकली होती, हे तर आधीच माहीत होतं.

टेकडीवर रोज नवी पिल्लं दिसतात. कुणाचं लॅब, कुणाचं बीगल, कुणी सोसायटीच्या गेटवरून घरी आणलेलं देशी पिल्लू. आणि मालकांच्या हातात काहीही असतं : काठी, दगड, पाण्याची रिकामी बाटली, मुलाचा जुना बॉल. म्हणून नव्याने कुत्रा पाळणाऱ्यांसाठी हे एकदा क्रमाने लिहून काढते आहे.

फेकलेल्या वस्तूमागे धावणं बहुतेक कुत्र्यांच्या रक्तातच असतं. लॅब्रेडॉर आणि गोल्डन रिट्रीव्हर तर शिकाऱ्याने टिपलेले पक्षी तोंडात धरून आणण्यासाठीच घडवलेल्या जाती. पण काय आणायचं, हे ते आपल्या हाताकडे बघून शिकतात. आज गंमत म्हणून दगड फेकलात, की उद्या रस्त्याकडेचा प्रत्येक दगड तोंडात धरून तुमच्या पायाशी आणून ठेवतील आणि शेपूट हलवत वाट बघतील.

पायरी १ : काय फेकायचं नाही

सुरुवात काठीपासून, कारण सगळ्यात निरागस दिसते तीच. इजा दोन तऱ्हांनी होते. पहिली आमची : काठी जमिनीत उभी रुतते किंवा कुत्रं ती टोकाकडून पकडतं, आणि धावण्याचा सगळा जोर त्या टोकावर येतो. जिभेखाली, टाळूत, घशाच्या मागच्या भिंतीत, थेट अन्ननलिकेतही ती घुसू शकते. बाहेरून काही दिसत नाही. आत राहिलेली ढलपी दोन-तीन आठवड्यांनी, कधी महिन्यांनी, मानेत गळू होऊन वर येते. दुसरी तऱ्हा बसल्या जागची. कुत्रं काठी दोन पंजांत धरून चघळतं आणि एक तुकडा वरच्या दाढांच्या मधे, टाळूवर आडवा अडकतो. मग पंजाने तोंड ओरबाडत फिरतं. हा तुकडा तोंड उघडून बघितला तर लगेच दिसतो, पण बघायचं सुचत नाही आणि दोन दिवसांनी तोंडाला घाण वास यायला लागतो.

काठी कुठल्या झाडाची आहे, हा प्रश्न आपल्याकडे फार कमी लोक विचारतात. कण्हेरीची फांदी कुत्र्याच्या तोंडात कधीही देऊ नका. लाल-गुलाबी फुलांची कण्हेर असो किंवा पिवळ्या फुलांची बिट्टी, दोन्हींच्या प्रत्येक भागात हृदयाचे ठोके बिघडवणारं विष असतं. सोसायट्यांच्या कुंपणाला आणि हायवेच्या दुभाजकावर हीच झाडं लावलेली असतात, आणि छाटणी झाली की फांद्या फुटपाथवर पडून राहतात. बिट्टीच्या बिया लहानपणी आम्ही खेळायला वापरायचो. त्याही तितक्याच विषारी. शेराचा आणि रुईचा चीक डोळ्यात गेला तर डोळा भाजतो. बाभळीचं काय सांगायचं, काटा कुणालाही दिसतो, पण कुत्रं धावताना बघत नाही.

दगडाने दात जातात. मोठ्या कुत्र्याला ४२ दात असतात, आणि त्यातली वरची चौथी उपदाढ हाडं फोडण्याच्या कामाची. दगड चावताना हिचाच एक उभा पापुद्रा तुटतो. कुत्रं खाणं सोडत नाही, फार तर एका बाजूने चावतं. काही आठवड्यांनी डोळ्याखाली सूज येते. बघणाऱ्याला वाटतं माशी चावली, आणि मूळ असतं दाढेच्या मुळाशी साठलेला पू. लहान गोटा असेल तर तो गिळलाही जातो, मग पोट उघडण्याची वेळ. दगड फेकण्याची सवय मोडायला सगळ्यात अवघड, कारण दगड सगळीकडे आहेत.

आता बॉल. इथे सगळा प्रश्न मापाचा. टेनिस बॉल साधारण साडेसहा ते पावणेसात सेंटिमीटरचा असतो. पॉमेरेनियनच्या तोंडात तो जात नाही, पण लॅब किंवा जर्मन शेफर्ड तो दाबून चपटा करतं, आणि मागे दाढांपलीकडे सरकला की तो तिथे पुन्हा फुगतो. श्वासनलिकेवर बूच बसल्यासारखं होतं, आणि लाळेने बुळबुळीत झालेला बॉल बोटांत येत नाही. शिवाय टेनिस बॉलवरची लव माती-वाळू धरून ठेवते, आणि रोज तासन्‌तास चघळला तर दातांवर पॉलिशपेपरसारखी घासते. चार फेका करून खिशात परत जाणार असेल, कुत्रं छोटं असेल, तर टेनिस बॉल चालतो. कुत्र्यापाशी सोडून द्यायला नको.

गुळगुळीत, भोक नसलेले छोटे रबरी बॉल तर घरातच ठेवू नका. उसळणारा रंगीत बॉल, जो मुलांना वाढदिवसाच्या रिटर्न गिफ्टमध्ये मिळतो, तो मध्यम आकाराच्या कुत्र्याच्या घशाच्या अगदी मापाचा. जत्रेत आणि सिग्नलवर मिळणारा, आपटला की लुकलुकणारा बॉल त्याहून वाईट, कारण त्याच्या पोटात बटण सेल असतो. सेल चावला गेला किंवा अन्ननलिकेत अडकला तर तासाभरातही आतली त्वचा भाजते. मैदानावरून सापडलेला लेदरचा क्रिकेट बॉल दीडशे ग्रॅमपेक्षा जड आणि दगडाइतकाच कडक. त्याची शिवण सुटली की धागा. धाग्याचं पुढे सांगते.

आता आपल्या घरातलं आणि आपल्या ऋतूंमधलं, जे परदेशी याद्यांमध्ये सापडत नाही. मे महिन्यात आंब्याची कोय. खरं तर कोय कुणी मुद्दाम फेकत नाही, पण अंगणात आमरस चालू असताना ‘घे’ म्हणून टाकली जाते आणि कुत्रं ती झेलतं. ओली कोय सरकन घशाखाली जाते आणि आतड्यात अडकते. पावसाळ्यात दाणे खाऊन उरलेलं मक्याचं कणीस, तेही तसंच : पोटात पचत नाही, पुढे सरकत नाही. नारळाची करवंटी फुटली की तिची धार सुरीसारखी, आणि शेंडीचे धागे गोळा होऊन अडकतात. कोंबडीची शिजवलेली हाडं उभी चिरफळतात. पाण्याच्या बाटलीमागे धावायला कुत्र्यांना आवडतं, तो कडकड आवाज असतो ना, पण पहिल्या पाच मिनिटांत झाकण आणि त्याखालची रिंग सुटते. संक्रांतीनंतर मैदानात मांजा पडलेला असतो. राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये नायलॉन मांज्यावर बंदी घातली, तरी झाडांवरून लोंबताना तो दिसतोच. आणि दिवाळी.

दिवाळीचं वेगळं सांगायला हवं. जे कुत्रं ‘फेकलं की धाव’ असं शिकलेलं असतं, त्याला मुलाने फेकलेला बॉल आणि मुलाने फेकलेला सुतळी बॉम्ब यातला फरक हवेत असताना कळत नाही. फटाक्यांना घाबरणारी कुत्री निदान पलंगाखाली शिरतात. फेकाफेकीचं वेड लागलेलं बिनधास्त कुत्रं उलट पुढे धावतं. त्या चार दिवसांत संध्याकाळी बाहेर काढायचं ते आखूड दोरीवरच.

पायरी २ : मग काय फेकायचं

दुकानात गेलात की दोन चाचण्या तिथेच करा. अंगठ्याचं नख खेळण्यात रुतवून बघा. जरासुद्धा दबत नसेल तर ते दातांसाठी फार कडक. किंवा मनात विचार करा, हे माझ्या गुडघ्याच्या वाटीवर आपटलं तर चालेल का? नसेल चालत, तर ठेवून द्या. मग माप : खेळणं चारही सुळ्यांच्या मागे पूर्ण शिरता कामा नये. पिल्लू वाढतं, त्याचं तोंडही वाढतं, त्यामुळे तीन महिन्यांचं असताना घेतलेला बॉल आठव्या महिन्यात तोच धोका होऊन बसतो. घरात दोन कुत्री असतील तर माप मोठ्याच्या तोंडाचं धरा.

बॉल घेणार असाल तर आरपार भोक असलेला, जाड रबराचा. अडकलाच तर भोकातून थोडी तरी हवा जाते. मला स्वतःला बॉलपेक्षा रबरी रिंग आवडते : ती घशात जात नाही, लोळत फार लांब जात नाही आणि उचलायला सोपी. मऊ कापडी किंवा रबरी फ्रिस्बीही चांगली. कडक प्लास्टिकची मात्र हिरड्या कापते. काठीच हवी अशी ज्यांची कुत्री हट्टी आहेत (आमचा वाघ्या त्यातलाच), त्यांच्यासाठी मऊ रबराच्या, बोथट टोकांच्या काठ्या मिळतात. काहीच विकत घ्यायचं नसेल तर जुन्या जीन्सच्या पायाची लांब पट्टी कापा, मधे दोन घट्ट गाठी मारा, शिवणीचे लोंबणारे दोरे कापून टाका. देशी कुत्र्यांना हे खेळणं मी सगळ्यात जास्त आवडलेलं बघितलं आहे, बहुधा आपल्या घराचा वास असतो म्हणून.

शिट्टीवाली चूं-चूं खेळणी फक्त तुमच्यासमोर. आतली शिट्टी काढून गिळणं हा काही कुत्र्यांचा आयुष्यभराचा प्रकल्प असतो.

एक सवय सुरुवातीपासून लावा : नवं खेळणं आणलं की फोनवर त्याचा फोटो काढून ठेवा. खेळून झाल्यावर तुकडा कमी वाटला तर ताडून बघता येतं, आणि डॉक्टरांना ‘एवढं होतं, एवढं राहिलं’ असं दाखवता येतं. तुकडा गेला असेल तर खेळणं कचऱ्यात. त्यात जीव अडकवू नका.

पायरी ३ : ‘आण’च्या आधी ‘सोड’

बरेच जण उलट क्रमाने जातात. कुत्र्याला धावायला शिकवावं लागत नाही, सोडायला शिकवावं लागतं.

घरातल्या पॅसेजमध्ये सुरू करा. एकसारखी दोन खेळणी घ्या. एक सहा-सात फुटांवर फेका. ते घेऊन आलं की दुसरं पुढे धरून हलवा. पहिलं तोंडातून सुटतं आहे त्याच क्षणी ‘सोड’ म्हणा आणि लगेच दुसरं फेका. शब्द सुटण्याच्या क्षणाला जोडायचा, आधी दहा वेळा ओरडून नाही. पाच-सहा फेका झाल्या की थांबा. त्याला अजून खेळायचं असतानाच थांबा. आठवडाभराने खेळण्याऐवजी उकडलेल्या चिकनचा किंवा पनीरचा बारका तुकडा द्या आणि ‘सोड’वर तोंड उघडलं की खेळणंही परत त्यालाच द्या. ही शेवटची गोष्ट महत्त्वाची आहे. सोडलं की जातं, असं एकदा डोक्यात बसलं की कुत्रं सोडायचंच बंद करतं.

आता नको ती वस्तू उचलली तर? शेजारच्या बीगलने मोजा उचलला होता. आजोबा ‘दे इकडे, दे!’ करत सोफ्याभोवती त्याच्यामागे धावले, नातू दुसऱ्या बाजूने आला, आणि कोंडीत सापडलेल्या बीगलने मोजा दोन घोटांत गिळून टाकला. त्याला मोजा खायचा नव्हता. तो फक्त कुणाला द्यायचा नव्हता. तेव्हा मागे धावू नका, ओरडू नका. उलट्या दिशेने जा, फ्रिज उघडा, डबा वाजवा. कुतूहलाने येईल, तेव्हा अदलाबदल करा. जबडा उचकटायची वेळ फक्त विषारी किंवा धारदार वस्तू असेल तेव्हाच.

घरातल्या आणि सोसायटीतल्या मुलांनाही हे सांगावं लागतं. आमच्या खाली राहणारा सात वर्षांचा मुलगा रोज विचारायचा, “काकू, वाघ्याला मी बॉल टाकू?” मी म्हणायचे, टाक. मग एकदा बघितलं तर तो खिशातून गोटी काढून फेकत होता. आता नियम ठरला आहे : वाघ्याचं खेळणं काकूंच्या पिशवीतून येणार आणि पिशवीतच जाणार. मुलं नियम मोठ्यांपेक्षा छान पाळतात. वॉचमनकाकांना चहाच्या ग्लासाचं झाकण फेकताना त्यानेच थांबवलं.

पायरी ४ : कुठे, कसं, किती

फेक आडवी आणि जमिनीलगत ठेवा. उंच फेकलं की कुत्रं हवेत वळून मागच्या पायांवर वेडंवाकडं उतरतं, आणि गुडघ्याचा लिगामेंट असाच तुटतो. वाढीच्या वयातल्या पिल्लांना उड्या नकोच. मोठ्या जातींची हाडं पक्की व्हायला वर्ष-दीड वर्ष लागतं. चार ते सात महिन्यांच्या दरम्यान दुधाचे दात पडून नवे येत असतात, त्या काळात खेळणं तोंडातून ओढू नका.

गुळगुळीत फरशीचं पार्किंग, उतरती गच्ची, रहदारीचा रस्ता, हे सगळं बाद. गवत किंवा माती हवी, आणि खेळायच्या आधी एक चक्कर मारून काचा, तारा, मांजा बघून घ्यायचा. मी पिशवीत जुना हातमोजा ठेवते त्यासाठी.

उन्हाचं विदर्भ-मराठवाड्यात सांगायला नको, पण पुण्या-मुंबईतही एप्रिलमध्ये सकाळी नऊनंतर खेळू नये. कुत्रं मुख्यतः धापा टाकूनच अंग थंड करतं, आणि तोंडात बॉल असला की नीट धापही टाकता येत नाही. त्याच्या शरीराचं तापमान मुळात ३८ ते ३९ सेल्सिअसच्या आसपास असतं. ४१च्या वर गेलं की उष्माघात. वेडं होऊन खेळणारं कुत्रं स्वतः थांबत नाही, आपल्याला थांबवावं लागतं. पग, शिह त्झू, बुलडॉग अशा बसक्या नाकाच्या कुत्र्यांना दोन-तीन फेका पुष्कळ झाल्या.

पाण्याची गंमत लोक फोटोसाठी करतात. तळ्यात किंवा स्विमिंग पूलमध्ये पुन्हा पुन्हा बॉल टाकला की कुत्रं दर वेळी तोंड उघडं ठेवून पाणी गिळतं. अर्ध्या-एक तासात इतकं पाणी पोटात जाऊ शकतं की रक्तातलं सोडियम खाली येतं : पोट फुगतं, ओकारी होते, चाल लटपटते, झटके येतात. समुद्रावर उलटं, खारं पाणी पोटात जातं आणि सोडियम वाढतं. कोकणात किंवा गोव्यात सुट्टीला कुत्रं घेऊन जाणाऱ्यांनी गोड्या पाण्याची बाटली सोबत ठेवावी, दर दहा मिनिटांनी थांबावं आणि वाळूत लोळलेला बॉल धुऊन मगच फेकावा. त्या बॉलसोबत गिळलेली वाळू आतड्यात सिमेंटसारखी बसते. पावसाळ्यात किनाऱ्याला निळ्या फुग्यांसारखे ब्लू बॉटल नावाचे समुद्री जीव लागतात. कुत्र्याला ते खेळणंच वाटतं, आणि वाळूवर पडलेले असले तरी ते डंख मारतात. शहरातल्या साचलेल्या पावसाच्या पाण्यात खेळायचं नाही, लेप्टोमुळे (लेप्टोस्पायरोसिस, उंदरांच्या लघवीतून पसरणारा आजार).

पायरी ५ : खेळून झाल्यावर तोंड बघा

हे एक मिनिटाचं काम. पिल्लू असतानाच रोज ओठ वर करून बघण्याची आणि त्यावर खाऊ देण्याची सवय लावली तर मोठेपणी ते आपणहून तोंड पुढे करतं. हिरड्यांचा रंग बघा : गुलाबी हव्यात, आणि बोटाने दाबून सोडल्यावर दोनेक सेकंदांत पुन्हा गुलाबी व्हायला हव्यात. ज्यांच्या हिरड्या जन्मतः काळ्या असतात त्यांच्या डोळ्याची खालची पापणी ओढून आत बघा. मग टाळू, जिभेखालची जागा, मागच्या दाढा. वासही घ्या. लाळेत रक्त असेल, गिळताना मान ताणत असेल, जांभई अर्धवट सोडत असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे. काठीची जखम तर रक्त थांबलं तरी दाखवायचीच. ‘काठी लागली’ हे शब्द स्वतः आठवणीने सांगा, कारण तीन आठवड्यांनी आलेल्या गाठीचा आणि त्या सकाळचा संबंध डॉक्टर कुठून लावणार?

पायरी ६ : घडलंच तर

घशात अडकलं. खोकत असेल, आवाज निघत असेल, तर हवा जाते आहे. शांत ठेवा आणि निघा. आवाज बंद, पंजाने तोंड ओरबाडणं, हिरड्या निळसर, अशी स्थिती असेल तर डॉक्टरांपर्यंत पोचेपर्यंत वेळ नसतो. तोंड उघडा. वस्तू दिसते आहे आणि बाजूने बोट घालून ओढता येते आहे, तरच ओढा. गोल आणि बुळबुळीत असेल तर बोट घालू नका, ती आणखी आत जाते. त्याऐवजी बाहेरून : जबड्याच्या मागे गळ्यावर हात फिरवा, बॉल हाताला लागतो. दोन्ही अंगठे त्याच्या मागच्या बाजूला, म्हणजे छातीच्या बाजूला, ठेवून तोंडाच्या दिशेने ढकला. जमलं नाही तर छोट्या कुत्र्याला मागचे पाय धरून डोकं खाली करा. मोठ्या कुत्र्याच्या मागे उभं राहून, बरगड्या संपतात तिथल्या मऊ भागावर मूठ ठेवून आत आणि पुढे असे पाच झटके द्या, मग तोंड बघा, पुन्हा द्या. बेशुद्ध पडून श्वास थांबला तर आडवं ठेवून छातीवर मिनिटाला १०० ते १२० दाब. ३० दाबांनंतर नाकातून दोन फुंकरी. वस्तू निघाली, कुत्रं उठून शेपूट हलवायला लागलं, तरीही दवाखान्यात जायचं, कारण पुढच्या काही तासांत फुफ्फुसात पाणी भरू शकतं.

काठी रुतून बसली आहे. ओढू नका. ती जिथे आहे तिथे रक्तवाहिनीवर बूच म्हणून बसलेली असू शकते. फार लांब असेल तर हलू न देता धरून ठेवा आणि तसंच न्या.

काहीतरी गिळलं. मिठाचं पाणी पाजून ओकारी काढू नका. मिठानेच कुत्री दगावतात. धारदार वस्तू आणि सेल वर येताना दुसऱ्यांदा इजा करतात. आपल्याकडे लगेच केळं, तूप-भात, दही भरवायची घाई असते, ‘सरकून जाईल’ म्हणून. एंडोस्कोपीसाठी किंवा ऑपरेशनसाठी भूल द्यायची तर पोट रिकामं हवं, म्हणून काहीच देऊ नका आणि फोन करा. वाट बघायला डॉक्टरांनी सांगितलं तर पुढचे दोन-तीन दिवस लक्ष ठेवा : पुन्हा पुन्हा ओकारी, अन्नाला तोंड न लावणं, शी न होणं, किंवा पुढचे पाय टेकवून बूड वर करून बसणं. यातलं काहीही दिसलं की थांबायचं नाही.

धागा. मांजा, बॉलची शिवण, दोरीच्या खेळण्याचा सुटलेला पीळ. तोंडातून किंवा मागून लोंबताना दिसला तर कधीही ओढू नका. एक टोक जिभेखाली किंवा जठरात अडकलेलं असतं, आणि ओढलं की करवतीसारखा तो आतडं कापतो.

वेदनेसाठी घरातली गोळी देऊ नका. आयब्युप्रोफेन आणि डायक्लोफेनॅक आपल्या प्रत्येक घरात असतात आणि दोन्हींनी कुत्र्याच्या जठरात व्रण होतात, मूत्रपिंड जातं.

आणि हे सगळं घडायच्या आधी एक काम करून ठेवा. जवळच्या दवाखान्यात जाऊन विचारा : रात्री कोण असतं, एक्स-रे आहे का, सोनोग्राफी आणि एंडोस्कोपी कुठे होते. छोट्या गावात बऱ्याचदा यातलं काहीच नसतं, आणि मग जिल्ह्याच्या ठिकाणी किंवा पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या दवाखान्यात जावं लागतं. राज्यात मुंबईत परळला, नागपूर, परभणी, उदगीर आणि शिरवळला अशी सरकारी महाविद्यालयं आहेत. वेळा आधी विचारून कागदावर लिहा आणि तो कागद फ्रिजवर लावा. फोनमध्ये सेव्ह केलेला नंबर ज्याच्या फोनमध्ये आहे तोच नेमका बाहेर असतो.

वाघ्याची गाठ पुन्हा आली नाही. काठीचं वेड गेलेलं नाही. पावसाळा संपला की टेकडीवर अजूनही फांदी तोंडात धरून समोर उभा राहतो, दोन्ही टोकं बाहेर, मान ताठ. मी पिशवीतून निळी रबरी काठी काढते आणि ‘सोड’ म्हणते. फांदी पडते. ती मी उचलते आणि झुडपात टाकून देते, त्याची पाठ वळल्यावर.